तराफ्यावरची बाई

टीव्हीवर एखादं गाव बुडायला लागलं, की घरातली पोरं मला हाका मारतात. "आजी, ये लवकर, पूर आला!" जसे काही पाहुणेच आलेत. मी गुडघे सावरत जाऊन बसते. हल्लीच्या पिक्चरमध्ये पाणी फार छान दाखवतात, हे कबूल करायला हवं. मोठमोठ्या इमारतींवरून लाटा जातात, मोटारी बुचासारख्या तरंगतात. पोरं टाळ्या पिटतात. मी मात्र दुसरंच बघत असते. त्या पळापळीत कुणाच्या हातातलं मूल कुणाच्या हातात गेलं, आणि घेणाऱ्यानं पुढं त्याचं काय केलं, एवढंच माझं लक्ष असतं. बहुतेक पिक्चरवाले ते दाखवतच नाहीत. त्यांना पुढची इमारत पाडायची घाई असते.

मी पाहिलेला पहिला बोलपट पुराचाच होता. तो मी दीड वेळा पाहिला. दीड का, ते पुढं येईलच. त्याचं नाव मला आठवत नाही, नटनट्या आठवत नाहीत, गाणी तर मुळीच नाहीत. पण त्या बोलपटाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि तो काढणाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. म्हणून हे सांगायला बसले आहे.

आमची वस्ती बारामतीजवळ, माळेगाव बुद्रुकच्या अंगाला, नीरेच्या पाटाच्या एका फाट्यावर होती. वस्तीवर मला सगळे 'जीजीची पोर' म्हणायचे. तशी जीजी माझी कुणी नव्हती. आडनाव वेगळं, भावकी वेगळी, फक्त बांधाला बांध. मानमोडीच्या, म्हणजे त्या जीवघेण्या तापाच्या साथीत दोन्ही घरं रिकामी झाली. तिचा नवरा गेला, पाळण्यातलं पोर गेलं. आमच्याकडे आधी वडील गेले, मग आई. जीजीच्या अंगावर दूध होतं आणि प्यायला कुणी उरलं नव्हतं. मला भूक होती आणि पाजणारी उरली नव्हती. हे मी इतक्या सरळ सांगते आहे, कारण जीजी स्वतः असंच सांगायची. मिरचीची रोपं एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात कशी लावली, हे सांगावं तसं.

माझे सख्खे चुलते कोऱ्हाळे बुद्रुकला राहायचे. आम्ही सगळेच त्यांना तात्या म्हणायचो. साथ ओसरल्यावर ते मला न्यायला आले होते, पण त्यांच्याही घरात माणसं तापानं निपचित पडलेली. मी जीजीच्या मांडीवर धष्टपुष्ट होते. "हितंच राहू द्या तिला," असं म्हणून ते परत गेले, ते दरवर्षी गुऱ्हाळ झालं की गुळाची ढेप आणि मला लुगड्याचं कापड घेऊन येत राहिले. माणूस वाईट नव्हता. थोडा ताठ होता, आणि आपल्या घराण्याचा त्याला फार अभिमान होता, इतकंच.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सोळा-सतराची होते. त्या काळच्या मानानं घोडनवरीच. त्याआधीची स्थळं जीजीनंच परतवली होती. एका मुलाचं नाक तिला आवडलं नाही, एकाची आई, आणि एकाच्या विहिरीचं पाणी मचूळ निघालं. शेवटी इंदापूरच्या पलीकडचं, भीमेच्या अंगाचं एक स्थळ तिच्या चाळणीतून खाली पडलं. कन्यादान तात्या आणि काकू करणार हे उघडच होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण जीजीनं एक दिवस भाकरी थापता थापता जाहीर करून टाकलं, की ती मांडवात पाऊल टाकणार नाही. मागं चुलवणावर बसून स्वयंपाकाचं बघेल.

"मला कुकू न्हाय," ती म्हणाली. "चांगल्या कामात म्होरं यायचं ते आमच्यासारख्यानी न्हवं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिनं मला लहानाची मोठी केली तिनं माझ्या लग्नात धुरात डोळे चोळत बसायचं, आणि वर्षाकाठी गूळ आणणाऱ्यांनी पुढं मिरवायचं? मी तात्यांवर रागावले, गावावर रागावले, आणि सगळ्यात जास्त जीजीवर. आमचं रोज वाजायला लागलं. मी म्हणायची, तू नसशील तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. ती म्हणायची, नको राहूस, मिरची तोडायला हात कमीच पडतात. जीजीशी भांडणात कुणी जिंकलेलं माझ्या पाहण्यात नाही.

अशा त्या दिवसांत बारामतीला कऱ्हेच्या काठी बोलपटाचा तंबू आला. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याकडं चांगली बैलजोडी होती. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांना कशाचीही हौस. गुरुवारी जीजीची वांगी, मिरची, मेथी त्यांच्याच गाडीत बारामतीच्या बाजाराला जायची. त्या गुरुवारी ते म्हणाले, "आज बाजार उरकून शिनिमा बघू. पोर लगीन करून जायाची, तिला काय बारामती पुन्ना दिसनार हाय व्हय?" जीजी कुरकुरली, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे आमची पाण्याची पाळी होती. पण आबांची हौस तिच्या कुरकुरीला भारी ठरली.

या पाळीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाटाचं पाणी सगळ्यांना एकदम मिळत नसे. पाळीनं मिळे. आपलं रान भिजलं, की चारीला बांध घालून पाणी पुढच्याच्या रानाकडं वळवायचं. पण नुसतं वळवून घरी जायचं नाही, अशी आमच्या फाट्यावर रीत होती. पुढच्यानं यायचं, चारीत खोरं लावायचं आणि तोंडानं म्हणायचं, "घेतलं." तो शब्द ऐकल्याशिवाय आधीच्यानं बांधावरून हलायचं नाही, मग पाऊस असो नाहीतर थंडी. कारण वळवलेलं पाणी मध्येच बेवारशी सुटलं तर कुणाचं तरी रान धुपून जायचं, नुकती लावलेली रोपं उपटून पडायची. 'घेतलं' ऐकल्याशिवाय निघून आलेल्या माणसाला आमच्याकडं कुणी मुलगी दिली नसती.

तर आम्ही तंबूत गेलो. मध्ये कनात, एकीकडं बायका, एकीकडं पुरुष. बसायला आपापलं पोतं. मागं इंजिन ढुकढुक करत होतं आणि कापडावर माणसं बोलत होती. मला पहिली काही मिनिटं माणसांच्या तोंडाकडं बघू की आवाज कुठून येतो ते बघू, हेच कळेना. जीजीनं पदर तोंडाला लावला होता, डोळे तेवढे बाहेर.

गोष्ट साधी होती. नदीकाठचं गाव. एक जोडपं, त्यांचं तान्हं मूल. मग धरण फुटतं आणि पाणी येतं. काय पाणी होतं ते! भिंती पडल्या, गोठे वाहिले, देवळाच्या पायऱ्या बुडाल्या. शहरातली माणसं अशा वेळी घाबरत असतील. आमच्याकडं निम्मं आयुष्य पाण्याची वाट बघण्यात जातं. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "आरं, यातलं थोडं आमच्या फाट्याला सोडा की!" सगळा तंबू हसला. कापडावर गाव बुडतंय आणि खाली बारामतीकर पोट धरून हसताहेत. बाहेर कऱ्हेच्या पात्रात नुसती वाळू होती, हे तंबूत बसलेला प्रत्येक जण जाणून होता.

मग मात्र हसणं थांबलं. नवरा कुठं वाहून गेला ते कळलं नाही. ती बाई पोराला घेऊन छपरावर चढली. पाणी छपराच्या कडेला लागलं. इतक्यात केळीच्या खुंटांच्या तराफ्यावरून दुसरी एक बाई वाहत आली. कोण, कुठली, काही सांगितलं नाही. कपाळ पांढरं, अंगावर साधं लुगडं. आईनं वाकून पोर तिच्याकडं दिलं. तिनं ते छातीशी धरलं, तोंडातून अक्षर न काढता. आणि कनातीपलीकडून आबांचा खणखणीत आवाज आला, "आगं बाई, घेतलं म्हन की!"

कुणी हसलं नाही. आमच्या फाट्यावरची आणखी दोन-चार माणसं तंबूत असावीत, तीही म्हणाली, "म्हन की, म्हन की." ती बाई काही म्हणाली नाही. छप्पर पाण्याखाली गेलं आणि तेवढ्यात तंबूत बत्त्या पेटल्या.

रीळ बदलताना मध्ये मध्ये अंधार व्हायचा, लोक शिट्ट्या मारायचे, पण तोवर बत्ती कुणी लावली नव्हती. आमचा आतापर्यंतचा अनुभव असा, की कीर्तन असो, भारूड असो, आरतीचं ताट फिरलं आणि दिवे मोठे केले की लोकांनी उठायचं. इथंही माणसं उठली, भजीवाले-चहावाले ओरडायला लागले, बायका पोरांना घेऊन बाहेर निघाल्या. आम्हीही उठलो. पहाटेची पाळी डोक्यावर होतीच. आबांनी झटपट गाडी जुंपली. मध्यंतर नावाचं काही असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

गाडीत जीजी मागं, तंबूच्या उजेडाकडं बघत बसली होती. मग एकदम म्हणाली, "ह्यो कसला शेवट?"

"तसंच आसतंय ते," आबा म्हणाले. "शेहरातली माणसं. त्यास्नी रडवायचं आसतंय."

"आन् त्या पोराचं काय?"

दुसऱ्या दिवशी पाळीवर ही गोष्ट फाटाभर झाली. आबांनी आपला शेवट काढला: एवढा फेस असलेलं पाणी म्हणजे उतरतीचं पाणी, तेव्हा पोर नक्की वाचलं. दुसऱ्या कुणी काही, तिसऱ्या कुणी काही सांगितलं. जीजी कुणाचंच ऐकून घेईना. "ज्यानं बघितलं न्हाय त्यानं सांगू ने," एवढंच तिचं म्हणणं. पण तिचं जेवणावरून लक्ष उडालं होतं हे मला दिसत होतं. वाफा निंदता निंदता मध्येच हात थांबायचा. लग्न तोंडावर आलेलं, शंभर कामं पडलेली, आणि ही बाई कापडावरच्या पोराची काळजी करत होती. मी चिडवलं, की त्याला इकडंच आणून घाल, आणखी एक वाढव. ती चिडली नाही. तेव्हा मला कळलं, की हे प्रकरण साधं नाही.

पुढच्या गुरुवारी बाजारात तिनं वांगी तोलता तोलता गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली. "बाई, शिनिमा बघितला का वो तुमी? त्या तराफ्यावरच्या पोराचं काय झालं?" एक शहाणी म्हणाली, गाणी छान आहेत. एक म्हणाली, मी मध्येच झोपले. एक वकिलीणबाई मात्र थबकल्या. "अहो, तुम्ही मध्यंतराला उठून आलात की काय? अर्धा खेळ राहिला तुमचा!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या, की त्यांच्या हातातली मेथी सांडली. जीजीला हसण्याचं काहीच वाटलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं होतं, की अजून अर्धं बाकी आहे. तिनं त्यांना मेथीची एक जुडी जास्त दिली. जीजीच्या हातून हे पहिल्यांदाच झालं असेल.

त्याच दिवशी संध्याकाळी परत तंबूत जावं, असं तिच्या मनात होतं. पण घरी तात्या येऊन बसलेले असणार होते, लग्नाचं बोलायला. आम्ही पोचलो तर ते ओट्यावर होतेच. जेवताना आबांनी त्यांना सगळी हकिगत सांगितली. तात्या हसले आणि भाकरी मोडत म्हणाले, "येवढा इचार कशाला? ज्येचं पोर त्येनं नेलं आसंल. बाप न्हायतर चुलता कोनतरी आला आसंल नदीकाठानं. आनि काय व्हनार?"

जीजीचा हात काठवटीतच थांबला. तिनं मान वर केली नाही. मी तात्यांकडं असं बघितलं, की त्यांना घास गिळताना पाणी लागलं. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, त्यांनी ते आमच्यावरून म्हटलंही नव्हतं. पण ते बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच काहीतरी लागलं असावं. जरा वेळानं ते म्हणाले, "वैनी, उद्या मलाबी बारामतीत काम हाय. मांडवाचं सामान बघायचं. चला, बघूनच येऊ."

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना आम्ही पुन्हा त्या तंबूत होतो. पहिला अर्धा भाग पुन्हा बघावा लागला. आबांनी आजूबाजूच्या लोकांना पुढं काय होणार ते आधीच सांगून भंडावून सोडलं, ते कनातीतून ऐकू येत होतं. छप्पर बुडालं, बत्त्या पेटल्या, माणसं उठली. जीजी हलली नाही. जागा जाईल म्हणून तिनं एका हातानं पोतं आणि एका हातानं माझं मनगट धरून ठेवलं. भजी आणू का विचारलं, तर म्हणाली, "गप बस."

मग उरलेला अर्धा भाग. तराफा काठाला लागला. त्या बाईनं पोर जगवलं. कुणाकडून वाटीभर दूध मागितलं, कुणाच्या गोठ्यात रात्र काढली, अंगावरच्या लुगड्याचा अर्धा भाग फाडून पोराला दुपटं केलं. एके ठिकाणी पूरग्रस्तांच्या पंगतीत ती आपल्या पानातलं आधी पोराला भरवते आणि उरलेलं खाते, तिथं जीजी हलकेच म्हणाली, "आसंच." बस्स, एवढंच. सोळा वर्षांत तिनं मला जे सांगितलं नव्हतं, ते मी त्या एका शब्दात ऐकलं. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी पाहत असलेली बाई कापडावर नव्हती, माझं मनगट धरून बसली होती.

शेवटी पोराचा बाप जिवंत निघाला आणि शोधत शोधत आला. तात्यांचं म्हणणं खरं ठरलं. बाईनं पोर त्याच्या ओंजळीत दिलं. मग एक गाणं झालं. आणि गाणं संपता संपता ती बाई चालत नदीच्या काठाशी गेली, काठ ढासळला आणि ती बुडाली. बाप-लेकानं पाण्यात एक दिवा सोडला. संपलं.

सगळा तंबू रडत होता. शेजारच्या बायकांच्या पदराचे बोळे झाले होते. बाहेर आलो तर तात्याही उपरण्यानं डोळे पुसत होते. फक्त जीजी रडत नव्हती. ती संतापली होती. तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं. भांडताना तिला मजा येते हे मला माहीत होतं. हे तसं नव्हतं.

"का मारली तिला?" ती भर मैदानात म्हणाली. "येवढ्या म्होट्या पुरात न्हाय मेली, आन् काठ वाळल्यावं मेली?"

"गोष्ट हाय ती, वैनी," तात्या म्हणाले.

"गोष्ट हाय म्हनूनच सांगते. पोर दिऊन झाल्यावं ह्या बाईला उभी कुठं करायची, ह्येच त्यास्नी कळंना. मंग दिली ढकलून." तिनं हातातलं पोतं झटकलं. "घरात न्हाय, दारात न्हाय, मांडवात न्हाय. पान्यात."

मांडवातून बाजूला व्हायचं जीजीनं स्वतःच ठरवलं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण ठरवलं होतं म्हणजे चालणार होतं असं नाही, हे त्या रात्री मला कळलं, आणि मला वाटतं तात्यांनाही कळलं.

गाडी निम्म्या वाटेवर आली तेव्हा तात्यांनी विचारलं, "वैनी, आमच्या वैनीनं, हिच्या आईनं, हिला तुमच्या हातात दिली, तवा तुमी म्हनला हुता का?"

काय, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"म्हनले की," जीजी म्हणाली. "तिला बोलायचं तरान न्हवतं. नुसती बघत हुती माझ्याकडं, डोळं मिटंना. मला आधी कळंना का बघतीया. मंग कळलं. म्या म्हनलं, घेतली. तवा मिटलं."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. तात्यांनीही नाही. त्यांनी गाडीबाहेर तोंड फिरवलं. आबा उगाचच बैलांना चुचकारत राहिले. मी जीजीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि घर येईपर्यंत उचललं नाही.

त्या पिक्चरवाल्यांचे उपकार मी मानते ते याच्यासाठी. त्यांनी ती बाई जगवली असती, बापानं तिला बहीण म्हणून घरी नेली असती, तर आम्ही सगळे डोळे पुसून समाधानानं घरी आलो असतो आणि जीजी ठरल्याप्रमाणे चुलवणावर बसली असती. त्यांना तिची जागा सुचली नाही, म्हणून आम्हाला ती शोधावी लागली.

लग्नाला वऱ्हाड आदल्या दिवशी वाटेत अंथुर्ण्याला मुक्काम करून आलं. आमच्या वस्तीवर एवढी माणसं पहिल्यांदाच जमली असतील. जीजी पहाटेपासून चुलवणावर होती, मी तिला बोलावून थकले होते. अक्षता पडल्या, तात्या-काकूंनी कन्यादान केलं, पंगती उठल्या. मग झाल आली. लग्नाच्या शेवटी वेळूच्या टोपलीत कणकेचे दिवे लावून ती टोपली नवऱ्याकडच्यांच्या डोक्यावर धरतात आणि मुलगी त्यांच्या हवाली करतात, त्याला आमच्याकडं झाल म्हणतात. मुलीच्या आईनं करायची गोष्ट. काकू टोपली घेऊन उभ्या राहिल्या. आणि तात्या मांडवातून उठून सरळ मागं गेले.

जीजीला घेऊनच ते आले. ती मागं ओढत होती. हाताला पीठ, तोंडाला काजळी. "तात्या, नगा मला म्होरं आनू. चांगल्या कामात आपशकून नगं."

मांडवात कुजबूज सुरू झाली. भटजींनी घसा साफ केला. तात्या माझ्या शेजारच्या जागेकडं बोट करून म्हणाले, आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या शिनिमावाल्यास्नी कळंना तुमाला कुठं उभी करायची. मला कळलंय. हितं. दिवं आमी धरतो. पोर तुमी द्या."

घराण्याचा एवढा अभिमान असलेला माणूस भर मांडवात असं बोलला. त्या क्षणी माझा त्यांच्यावरचा सगळा राग वाहून गेला, आणि तो पुन्हा कधी आला नाही. भटजी काहीतरी म्हणणार होते, पण आबा त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले होते, आणि आबांच्या हातात बैलाचा आसूड होता. तो त्यांच्या हातात नेहमीच असायचा म्हणा.

काकूंनी टोपली धरली. जीजीनं माझं मनगट धरलं आणि माझा हात सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो घेतला, पदरानं माझा चेहरा पुसला, आणि मला आपल्याकडं ओढलं. मी हलू शकले नाही. जीजीनं मनगट सोडलं नव्हतं.

सासूबाईंना वाटलं, बाई हळवी झाली. त्यांनी समजुतीनं वाट बघितली. पुन्हा हलकेच ओढलं. जीजी हलेना, सोडेना, बोलेना. ती रडतही नव्हती. नुसती सासूबाईंच्या तोंडाकडं बघत होती. वऱ्हाडातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. भीमेकडच्या त्या कोरडवाहू गावात ना पाट होता ना पाळी, त्यांना काय कळणार? पण आमच्या फाट्यावरची सगळी माणसं गप्प उभी होती, आणि ती कशासाठी थांबली आहेत हे मला पुरतं ठाऊक होतं.

शेवटी तात्या सासूबाईंपाशी वाकले. हात जोडून म्हणाले, "इहिनबाई, म्हना, घेतली."

"काय?"

"घेतली म्हना. आमच्याकडं रीत हाय."

सासूबाई गोंधळल्या. त्यांनी एकदा तात्यांकडं बघितलं, एकदा जीजीच्या पिठानं भरलेल्या बोटांकडं. मग अगदी हळू, देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "घेतली."

जीजीनं मनगट सोडलं. आणि मग ती रडली.

इंदापूरच्या वाटेवर गाडीत सासूबाईंनी मला विचारलं, ते काय होतं. मी सगळं सांगितलं. पाळी, चारी, मानमोडी, माझ्या आईचे न मिटणारे डोळे, तराफ्यावरची बाई, सगळं. मी थांबल्यावर त्या मागं सुटलेल्या रस्त्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आसं हुतं व्हय? मंग मी मोठ्यानं म्हनले आसते."